घरातल्या आठवणी आणि जुन्या फोटोंचं जतन (गोवा)

घरातल्या मोठ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवायच्या, जुने फोटो नावानिशी सांभाळायचे आणि ज्यांना स्वतःला ते जमत नाही त्यांना मदत करायची, असं हे काम आहे. गोव्यात ते बहुतेक वेळा नातवंडंच करतात, आणि घाई करायलाच हवी कारण पोर्तुगीज राजवट कळत्या वयात बघितलेली, गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ चा दिवस नीट आठवणारी माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत.

फोटोंचा पहिला शत्रू इथली हवा. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, भिंती ओल्या, त्यात वाळवी आणि कसर. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो दमटपणाने फुगतो आणि काचेला चिकटतो. असा फोटो ओढून काढू नये, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो, त्यापेक्षा काचेसकट स्कॅन करावा नाहीतर तिरप्या उजेडात मोबाइलवर घ्यावा. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, ते परत निघत नाही. चिकट पानांचे जे अल्बम मागे घरोघर आले त्यांचा गोंद फोटो पिवळा करतो, म्हणून आधी अख्खं पान स्कॅन करायचं आणि मगच फोटो सोडवायला घ्यायचे. छोट्या फोटोला स्कॅनरवर ६०० डीपीआय (स्कॅन किती बारीक होतो त्याचं माप) पुरतं. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि हे सगळं हिवाळ्यात करावं, पावसात कपाटं उघडून फोटो पसरू नयेत.

पण माझ्या मते स्कॅनिंग दुसऱ्या नंबरला येतं, पहिलं काम नावं. लग्नाचा ग्रुप फोटो घ्या, मधे नवरा-नवरी, मागे टोप्या घातलेले काका-मामा, खाली मांडी घालून बसलेली पोरं, आणि आज त्यातल्या दोघांनाच कोणी ओळखतं. आजीच्या हातात फोटो द्यायचा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि फक्त "आजी, हा कोपऱ्यातला कोण?" एवढंच विचारायचं. ती बोट ठेवून नाव सांगते, मग तो मुंबईला कुठल्या चाळीत राहायचा ते, मग त्याचं लग्न का मोडलं तेही. "तुमचं आयुष्य सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो, फोटो दिला की बोलतो. ती अर्धी कोंकणी अर्धी मराठी बोलली तर तसंच ठेवा, लिहून काढताना शुद्ध मराठी करत बसू नका, तिचा आवाजच त्यात जातो.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, हा यासाठी सगळ्यात चांगला मोका, मुंबई-पुण्याची, आखाताची सगळी मंडळी मूळ घरात एकत्र येतात आणि माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) बसून एकाच्या आठवणीला दुसरा दुरुस्त करतो. फोटो मात्र तेव्हा मोबाइलवरच दाखवावेत, कारण दिवस पावसाचे असतात.

कागदपत्रांची गोष्ट जरा वेगळी. जुन्या गोव्यातल्या एकाच घरात मोडी, मराठी आणि पोर्तुगीज असे तिन्ही प्रकारचे कागद मिळू शकतात, आणि पोर्तुगीज नोंदीत कामत हा कामोतिम होतो, प्रभू हा पोरोब, त्यामुळे आडनाव शोधताना स्पेलिंग बदलून बघावं लागतं. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची, दियोगु दो कोउतो हा तिथला पहिला अधिकारी. घरची वंशावळ अडली तर कुळदेवाच्या देवळातल्या महाजनांकडेही, म्हणजे देवळाचा पिढीजात हक्क असलेल्या घराण्यांकडेही, विचारावं.

साळावली धरणात गेलेल्या कुर्डी गावाच्या लोकांकडून याबाबतीत खूप शिकण्यासारखं आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचं हे गाव, धरण झाल्यावर लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी जमीन वर येते, मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळापाशी माणसं जमतात, आणि कोणाचं घर कुठे होतं हे जोत्यावर उभं राहून मुलांना दाखवतात. अशा वेळी कोणी जागेवरच व्हिडिओ केला, घराघराचं नाव घेऊन, तर नकाशात न दिसणारं गाव टिकतं.

स्कॅन आणि रेकॉर्डिंगच्या तीन कॉपी असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर क्वालिटी उतरते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि भांडणाची, वाटणीची, कोणाच्या दुखण्याची गोष्ट ज्याने सांगितली त्याला विचारल्याशिवाय फॅमिली ग्रुपवर टाकू नका.