एकाचे दोन टॉवर

मामांचा कॅननेट क्यूएल १७, म्हणजे कॅननचा जुना फिल्म कॅमेरा, परळच्या घरात लोखंडी कपाटात कित्येक वर्षं पडून होता, तो मी मागून आणला आणि दादर चौपाटीवरून सी लिंककडे धरला तर फाइंडरमध्ये एकाचे दोन टॉवर. रिंग आडव्या आठवर, म्हणजे अनंतावर, पार शेवटपर्यंत फिरवलेली, तरी मधल्या पिवळसर चौकोनातला टॉवर आपला बाजूला सरकलेला. इथेच बरेच जण "रेंजफाइंडर (दोन चित्रं जुळवून अंतर काढणारी कॅमेऱ्यातली यंत्रणा) गेला" म्हणतात आणि कॅमेरा परत कपाटात टाकतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा काही तुटलेलंच नसतं, आतला एखादा आरसा किंचित हललेला असतो बस.

आता हे किंचित म्हणजे किती ते बघा. हात लांब करून अंगठा धरा, आधी एक डोळा मिटा मग दुसरा, अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो, आणि अंगठा जितका जवळ तितकी उडी मोठी. रेंजफाइंडर हेच करतो. कॅमेऱ्याला पुढे दोन खिडक्या असतात, एकीतून सरळ दिसतं, दुसरीतला उजेड आरशावरून वळून एका अर्धपारदर्शक काचेवर येतो आणि दोन्ही चित्रं एकावर एक पडतात. तुम्ही रिंग फिरवता, लेन्स पुढेमागे होते, तिला टेकलेली एक दांडी आरसा (काही कॅमेऱ्यांत भिंग) हलवते, दोन चित्रं जुळली की फोकस बसला. दोन खिडक्या आणि समोरचा माणूस असा हा त्रिकोण, पाया, म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर, माहीत, कोन माहीत, म्हणजे अंतर आलंच. खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ मध्ये ताऱ्याचं अंतर काढलं ते याच युक्तीने, फक्त त्याचा पाया पृथ्वीच्या कक्षेएवढा होता.

आपला पाया धरा ४ सेंटीमीटर. १ मीटरवरच्या माणसासाठी आरसा साधारण १.१५ अंश फिरतो आणि १० मीटरवरच्यासाठी ०.११५ अंश. म्हणजे १० मीटरपासून पार अनंतापर्यंतचं सगळं जग अंशाच्या नवव्या हिश्शात बसवलेलं आहे! आरशाची दांडी १ सेंटीमीटरची असेल तर तिचं टोक तेवढ्यात सरकतं ०.०२ मिलिमीटर, आपला केससुद्धा याहून जाड असतो. मग एकदा टेबलावरून पडला, एखादा स्क्रू जरा सैल झाला, की टॉवर दोन दिसणारच ना.

पण फोटो काढणारी लेन्स या त्रिकोणावर अवलंबून नसते, हे लोक विसरतात. रिंगवर मीटरचे आकडे असतात, अंतर मोजा आणि लावा. ४० मिलिमीटरची लेन्स, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) १६, रिंग साडेतीन मीटरच्या आसपास, की पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्वच्छ येतं. डिसेंबरच्या कडक उन्हात २०० चा रोल (हा आकडा फिल्मच्या संवेदनशीलतेचा) असेल तर शटर १/२५० सेकंदावर ठेवा, उजेड मोजणाऱ्या मीटरची बॅटरी नसली तरी चालतं कारण या कॅमेऱ्याचं शटर यांत्रिक आहे. अंतराचा अंदाज यायला मी लोकलची वाट बघताना रुळांकडे बघत बसतो, दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर, रोज डोळ्यासमोर असलेली मोजपट्टीच ती. मात्र संध्याकाळी घरात अपर्चर १.७ वर उघडलंत तर १ मीटरवर जेमतेम ६ सेंटीमीटर खोलीच फोकसमध्ये राहते, तिथे अंदाज चालत नाही, तिथे रेंजफाइंडर लागतोच.

दुरुस्तीआधी गुन्हेगार कोण ते ठरवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोल नसताना मागचं झाकण उघडा, फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर बटर पेपर ताठ चिकटवा (ढिला राहिला तर सगळी परीक्षा फुकट), शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) केबल रिलीजने, म्हणजे बटणाला लावायच्या वायरने, उघडं धरा, अपर्चर पूर्ण मोठं, रिंग अनंतावर, आणि किलोमीटरहून लांबची वस्तू बघा. कागदावर उलटं चित्र उमटतं, ते भिंगाने तपासा. माझ्या कागदावर टॉवर एकच आणि कडा धारदार, म्हणजे लेन्स निर्दोष, आरसाच हललेला. कागदावरही धुरकट दिसलं असतं तर रेंजफाइंडरला हात लावणं चूक, तिथे लेन्स नीट बसवायला हवी.

आरशाचा स्क्रू काही कॅमेऱ्यांत फ्लॅशच्या खाचेखाली असतो, काहींचं वरचं कव्हर काढावं लागतं, आणि तो अगदी कणाकणाने फिरवायचा. चित्र वरखाली सरकलं असेल तर त्याची जुळवणी वेगळी असते. अनंत जुळलं की मोजायची टेप लावून १ मीटरवर परत बघा, दोन्हीकडे जुळलं तरच काम झालं. आणि कृपा करून ती अर्धपारदर्शक काच पुसू नका, मुंबईच्या दमट हवेत तिचा मुलामा आधीच कमजोर झालेला असतो, कापसाने सुद्धा निघून येतो आणि मग दुसरं चित्र दिसतच नाही. ब्लोअरने धूळ उडवा, बास. हात थरथरत असेल तर मुंबईतल्या फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेरा दुरुस्तीवाल्यांकडे विचारपूस करा आणि देताना बटर पेपरवर काय दिसलं ते आवर्जून सांगा.

माझा स्क्रू पाव वळसासुद्धा फिरला नाही. रविवारी मामांना चौपाटीवर नेलं, त्यांनी कितीतरी वेळ डोळा लावून ठेवला आणि मग म्हणाले, "अरे, आता माणसांवर लावून बघू, तू तिथे तीन मीटरवर उभा राहा."