खतना, खफ्ज की सुंता?

चिपळूण-रत्नागिरीत खिळे, कडीकोयंडे, रंगाचे डबे घ्यायला माणूस ‘बोहऱ्याकडे’ जातो. पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक, तरी त्या घरांतल्या कितीतरी मुलींच्या जननेंद्रियाला सातव्या वर्षी ब्लेड लावतात, हे शेजाऱ्यांच्या कानावर कधी आलंच नाही. (कोकणी मुसलमान वेगळे, हा विषय दाऊदी बोहऱ्यांचा, म्हणजे शिया पंथातल्या एका व्यापारी जमातीचा.) प्रथेला आधार सांगतात तो दहाव्या शतकातल्या, फातिमी या शिया खलिफांच्या काळच्या ग्रंथाचा. बोलणं सुरू झालं ते मात्र अगदी अलीकडे.

2011 मध्ये एका बोहरी बाईनं टोपणनावानं ही प्रथा थांबवा असा धर्मगुरूंना उद्देशून ऑनलाइन अर्ज टाकला. 2015 च्या अखेरीस बायका स्वतःच्या नावानिशी पुढे आल्या. सांगण्यात तेच ते यायचं: आइस्क्रीम खायला जाऊ म्हणून आजीनं नेलं, भेंडीबाजारातली जुनी इमारत, अंधारी खोली, घट्ट धरलेले पाय, ब्लेड.

खरी ओढाताण झाली ती शब्दावरून. ‘खतना’ म्हणावं, ‘खफ्ज’ (मुलींच्या बाबतीतला अरबी शब्द) की ‘जननेंद्रियाचं विच्छेदन’? हा शेवटचा शब्द आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांनी 1990 मध्ये ठरवून स्वीकारला. बोहरी समर्थक, त्यांत बायकाही आल्या, म्हणतात की खफ्ज म्हणजे नुसता ओरखडा, विच्छेदन नव्हे. ऑस्ट्रेलियात, सिडनीला या प्रथेवरून झालेल्या खटल्यात नेमका हाच कीस पडला. 2015 मध्ये तिघं दोषी, 2018 मध्ये अपिलात सुटले, आणि 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं छोटी चीरही ‘विच्छेदन’ या शब्दात बसते असा अर्थ लावला. मराठी वृत्तपत्रं सरसकट ‘मुलींची सुंता’ छापतात, ते मला पटत नाही. सुंता म्हटलं की डोळ्यांपुढे मुलाचा समारंभ येतो, जेवणावळ येते. इथे समारंभ कसला! घरातल्या पुरुषांनाही पुष्कळदा पत्ता नसतो.

आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात या प्रथेविरुद्ध याचिका आली. त्याच डिसेंबरात केंद्र सरकारनं लिहून दिलं की अशा प्रकाराची अधिकृत आकडेवारी वा अभ्यास उपलब्ध नाही. बायका नावं घेऊन सांगत होत्या, त्याची गणती कुठल्या रकान्यात करायची कोण जाणे. पुढच्याच वर्षी सरकारी वकिलांनी हा सध्याच्या कायद्यांनीही गुन्हाच ठरतो असं सांगितलं. सप्टेंबर 2018 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाच्या प्रश्नांच्या दावणीला बांधलं गेलं.