शार्लटमध्ये बारा लाख डॉलरचं घर : कागद आधी, घर मग

पुण्यात फ्लॅट घेताना आपण आधी घर पाहतो, आवडलं की टोकन देतो, मग साठेखत, मग बँकेच्या चकरा आणि सगळ्यात शेवटी दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठा. हाच क्रम डोक्यात ठेवून नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये घर घ्यायला गेलात, तर कर्जाचा कागद हातात यायच्या आतच मोठी रक्कम गमावून बसाल. इथल्या करारात विसारासारखे दोन वेगळे पैसे असतात आणि त्यातला एक सहसा परत येत नाही. त्याच्याकडे येतोच, पण आधी पात्रता.

शार्लटची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ८,७४,५७९ होती. बँक ऑफ अमेरिका, ट्रूइस्ट आणि ड्यूक एनर्जीची मुख्यालयं इथे आहेत, आणि बँकांच्या आयटीत नोकरी करणारी मराठी माणसंही. महागडी घरं म्हटलं की जुन्या झाडांच्या सावलीतलं मायर्स पार्क, ईस्टओव्हर आणि साउथपार्क; दक्षिणेला बॅलेंटाइन; शेजारच्या युनियन काउंटीत वेडिंग्टन, मार्विन, वॅक्सहॉ; आणि उत्तरेला लेक नॉर्मनचा काठ.

कोण घेऊ शकतं?

एच-वन बी किंवा एल-वन व्हिसावरचा भारतीय इथे स्वतःच्या नावावर घर घेऊ शकतो. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. अडतं ते कर्जापाशी. सरकारी हमीचं एफएचए कर्ज २५ मे २०२५पासून तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंद झालं, पण या किमतीच्या घराला ते एरवीही उपयोगाचं नव्हतंच.

इथे महत्त्वाचा आकडा ८,३२,७५० डॉलर. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था बँकांकडून एका कुटुंबाच्या घरासाठी जेवढ्यापर्यंतचं कर्ज विकत घेतात, त्याची ही २०२६ची मर्यादा. त्याच्या वर गेलात की ते 'जम्बो' कर्ज, आणि त्याचे नियम प्रत्येक बँकेचे स्वतःचे. मर्यादा कर्जाच्या रकमेला आहे, घराच्या किमतीला नाही. बारा लाखांच्या घरात २० टक्के, म्हणजे २,४०,००० भरले, तर कर्ज ९,६०,००० होतं आणि तुम्ही जम्बोत जाता. ३,६७,२५० भरू शकलात तर साध्या कर्जात बसता. जम्बोत बँक क्रेडिट स्कोअर चढा मागते, हप्ते भरता येतील इतकी शिल्लक खात्यात पाहते, आणि व्हिसा किती दिवस उरलाय हेही विचारते. म्हणून दोन-तीन बँकांना एकच प्रश्न आधी लिहून विचारा : 'माझ्या व्हिसावर, या रकमेचं कर्ज देता का?' तोंडी 'हो'वर जाऊ नका.

फाइलमध्ये काय काय?

दोन वर्षांचे डब्ल्यू-टू (पगाराचा आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) आणि टॅक्स रिटर्न, शेवटच्या ३० दिवसांच्या पगारपावत्या, सगळ्या खात्यांची दोन महिन्यांची स्टेटमेंट, पासपोर्ट, व्हिसा, आय-७९७ मंजुरीपत्र. जोडीदाराचा पगार धरायचा असेल तर त्याचं किंवा तिचं वर्क परमिट. स्टेटमेंटमध्ये पगाराखेरीज मोठी रक्कम आलेली दिसली की ती कुठून आली याचा कागद द्यावा लागतो. मित्राने भिशीचे पैसे परत केले असतील तरीसुद्धा.

भारतातून पैसे आणायचे तर ही गोष्ट निदान सहा महिने आधी सुरू करा. आई-वडील भारतात राहत असतील तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत प्रत्येकाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, मुलाला भेट म्हणूनही. वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा असं पाठवणारी मंडळी आहेत. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पाठवणाऱ्याच्या आयकरात वळता होतो किंवा परतावा मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. स्वतःच्या एनआरओ, म्हणजे भारतातल्या अनिवासी खात्यातून आणत असाल तर मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर, आणि सोबत चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला लागतो.

अमेरिकेच्या बाजूने दोन कागद. बँकेसाठी, 'ही भेट आहे, उसनवारी नाही' असं आई-वडिलांच्या सहीचं पत्र. आणि परदेशातून मिळालेली भेट वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेली तर आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला, फॉर्म ३५२०. त्यावर कर नाही, पण भरायचा राहिला तर दंड भेटीच्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत चढतो. हा फॉर्म विसरणारे मी बरेच पाहिलेत, कारण 'कर नाही ना, मग कशाला?' असा आपला हिशेब असतो.

ऑफर आणि ते दोन पैसे

एजंटबरोबर घरं पाहायला जायच्या आधी लेखी करार करावा लागतो. ऑगस्ट २०२४पासून ही पद्धत देशभर आली. एजंटचं कमिशन किती आणि विक्रेत्याने दिलं नाही तर ते कोण देणार, हे त्यात असतं. नीट वाचा.

ऑफर बहुतेक वेळा राज्यातल्या प्रमाणित नमुन्यावर जाते. सगळे त्याला 'टू-टी' म्हणतात. त्यात पहिला पैसा 'ड्यू डिलिजन्स फी'. ही थेट विक्रेत्याच्या हातात जाते. रक्कम कायद्याने ठरलेली नाही, घासाघिशीत ठरते. या बदल्यात तुम्हाला ठरलेल्या तारखेच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत घर तपासायची आणि कुठल्याही कारणाने, अगदी विनाकारणही, माघार घ्यायची मुभा मिळते. माघार घेतली तर फी गेली. ती परत मिळते ती मुख्यतः विक्रेत्यानेच करार मोडला तर; व्यवहार पूर्ण झाला तर किमतीतून वजा होते. दुसरा पैसा 'अर्नेस्ट मनी'. हा तिऱ्हाइताच्या एस्क्रो खात्यात राहतो आणि मुदतीच्या आत माघार घेतली तर परत येतो. पाच वाजून एक मिनिटाने घेतली तर तोही गेला.

कर्ज मंजूर झालं नाही तर करार रद्द, अशी वेगळी अट या नमुन्यात नाही. बँकेचं मूल्यांकन कमी आलं तरी तेच. हे सगळं त्या मुदतीतच उरकायचं. म्हणूनच फाइल आधी तयार पाहिजे, आणि मुदत मागताना बँकेला किती दिवस लागतात हे विचारून मागायची. कोरं घर थेट बिल्डरकडून घेत असाल तर यातलं काहीच धरून चालू नका. बिल्डरचा करार त्याचा स्वतःचा असतो, आणि तो सहीच्या आधी वकिलाला दाखवण्याचे पैसे वसूल होतात.

मुदतीत काय तपासायचं

इन्स्पेक्टर आणि वाळवीचा रिपोर्ट सगळेच घेतात. महागड्या घरांत अडकायला होतं ते दुसऱ्याच गोष्टींत. वेडिंग्टन-वॅक्सहॉकडच्या मोठ्या प्लॉटांवर बऱ्याच घरांना सेप्टिक टँक असतो, आणि त्याच्या परवान्यात बेडरूमची संख्या लिहिलेली असते. जाहिरातीत पाच बेडरूम आणि परवान्यात चार, असं निघतं. काउंटीच्या आरोग्य विभागाकडून परवान्याची प्रत मागवा. लेक नॉर्मनच्या काठावर घर असेल तर बोटीच्या डॉकची परवानगी विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नका. हा तलाव ड्यूक एनर्जीच्या धरणाचा आहे आणि किनाऱ्याची परवानगी तीच कंपनी देते. ओढ्याकाठच्या घरांचा पूर नकाशा पाहा, कारण साध्या गृहविम्यात पूर येत नाही.

सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियमही याच मुदतीत वाचायचे. कुंपण, रंग, पुढच्या अंगणातलं तुळशीवृंदावन, कशाकशाला समितीची मंजुरी लागते ते नंतर कळून उपयोग नाही.

आणि विक्रेता कोण आहे? भारतात परत गेलेला आपलाच कोणी अनिवासी असेल तर 'फर्प्टा' हा करकायदा लागू होतो. विक्रेता करासाठी परदेशी ठरला तर किमतीच्या १५ टक्के कापून आयआरएसला भरायची जबाबदारी खरेदीदाराची. स्वतः राहायला घेतलेल्या घराला दहा लाख डॉलरपर्यंत थोडी सवलत आहे. बारा लाखांच्या घराला नाही. आपण परदेशी नाही असं विक्रेत्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं का, हे वकिलाला विचारा.

क्लोजिंग

इथे व्यवहार वकिलाच्या देखरेखीखाली पूर्ण होतो. तो आधीच्या खरेदीखतांचा शोध घेतो आणि टायटल विमा, म्हणजे मालकी हक्कात दोष निघाला तर त्याचा विमा, काढून देतो. बँकेसाठीचा विमा सक्तीचा असतो, तुमच्यासाठीचा ऐच्छिक, तो घ्याच. अंतिम हिशेबाचं 'क्लोजिंग डिस्क्लोजर' सहीच्या निदान तीन कामकाजाच्या दिवस आधी हातात पडलं पाहिजे. पैसे वायरने पाठवण्यापूर्वी खाते क्रमांक वकिलाच्या ऑफिसला फोन करून पडताळा, तोही ईमेलमधल्या नव्हे तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर. मुद्रांक शुल्काच्या सवयीने दचकू नका : इथला एक्साइज टॅक्स पाचशे डॉलरला एक डॉलर, म्हणजे बारा लाखांवर २,४००, आणि तो विक्रेता भरतो.

पती-पत्नी दोघांची नावं खरेदीखतावर असली तर एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याकडे जातं. एकजण भारतात असेल तर मुखत्यारपत्र चालतं, पण त्याचा मसुदा बँकेने आधी मान्य केलेला हवा.

सही झाली म्हणजे घर तुमचं झालं असं नाही. नॉर्थ कॅरोलायनात ज्याचं खत आधी नोंदवलं गेलं त्याचा हक्क आधी, म्हणून वकील काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे नोंद करतो आणि मगच पैसे वाटले जातात, किल्ली मिळते. मुहूर्त काढायचाच असेल तर नोंदणीचा काढा, सहीचा नव्हे; आणि तो शनिवार-रविवारी येत नाही ना ते पाहा.

टेक्सास किंवा फ्लोरिडातून येणाऱ्यांनी तिथल्यासारखी राहत्या घराच्या मालमत्ता करावरची सरसकट होमस्टेड सवलत इथे शोधू नये. ती ज्येष्ठ, अपंग आणि अपंगत्व आलेले माजी सैनिक अशा ठरावीक लोकांनाच मिळते. शार्लट ज्यात येतं त्या मेक्लनबर्ग काउंटीत घरांचं पुढचं फेरमूल्यांकन २०२७मध्ये आहे, तेव्हा कराचा आकडा आजच्या बिलावरून धरू नका. जम्बो कर्जात कर बँकेमार्फत भरायचं बंधन कधी कधी नसतं; मग बिल थेट तुमच्याकडे येतं. ते सप्टेंबरमध्ये देय होतं, ५ जानेवारीपर्यंत व्याजाशिवाय भरता येतं, सहापासून व्याज लागतं.