बायनॉक्युलर की स्पॉटिंग स्कोप? माळावरचं गणित वेगळं, पाण्यावरचं वेगळं

दुर्बीण घ्यायला आलेला माणूस दुकानात हमखास एकच गोष्ट विचारतो : "यातून किती लांबचं दिसतं?" लांबचं तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, चंद्र दिसतोच की. विचारायला हवं ते हे, की मला नेमकं काय ओळखायचंय, ते किती हलतंय आणि मी हातात धरून बघणार आहे की स्टँडवर लावून. बायनॉक्युलर आणि स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवर लावून एका डोळ्याने बघायची दुर्बीण, यांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. सोलापुरात नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळावर नव्याने जाऊ लागलेले बरेच जण स्कोप म्हणजे 'जास्त पॉवरची बायनॉक्युलर' असं धरून चालतात आणि पहिल्याच खरेदीत मोठ्या आकड्याला भुलतात.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ. ८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. चारशे मीटरवरचं काळवीट आठ पॉवरमधून पन्नास मीटरवर उभं असल्यासारखं दिसतं. स्कोपवर २०-६०×८० असं छापलेलं असतं, म्हणजे वीस ते साठ झूम आणि पुढचं भिंग ८० मिमी. साठला तेच काळवीट सात मीटरच्या आत येतं. कागदावर स्कोप सरळ जिंकतो.

माळावर गेल्यावर पहिली अडचण येते ती शोधण्याची. ८×४२ मधून हजार मीटर अंतरावर साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. स्कोपमधून वीसला तो पस्तीस-चाळीस मीटरवर येतो आणि साठला जेमतेम वीसवर. हुरड्याच्या दिवसांत भोवत्या, म्हणजे हॅरियर, गवताच्या शेंड्यांवरून पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, तिरके होत, वळणं घेत उडत असतात. मध्येच खाली पडल्यासारखे उतरतात, एखादा टोळ उचलतात आणि पुन्हा उडतात. बायनॉक्युलर असली की नजर पक्ष्यावरून न हलवता ती डोळ्यांना लावायची, पक्षी समोर हजर. स्कोप घेऊन हाच उद्योग करा : आधी गवत, मग बाभूळ, मग नुसतं आभाळ, आणि तोवर भोवत्या पुढच्या बांधापलीकडे. लांडग्याचंही तेच. मेंढरांच्या कळपामागे दोन-तीन लांडगे चालत असतील तर धनगराला ते नुसत्या डोळ्यांनी केव्हाच दिसलेले असतात; तो बोट दाखवतो तेवढ्या दोन सेकंदांत तुम्हाला ते सापडायला हवेत. नजर त्याची आणि पॉवर तुमची, असा हा कारभार आहे.

दुसरी गोष्ट हाताची. पॉवर जितकी, हाताची थरथरही तितकीच पट मोठी होऊन दिसते. दहापर्यंत बहुतेकांना जमतं. बारा पॉवर हातात धरून बारकावे बघणारे असतील, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. आठ की दहा हा वाद पक्षीनिरीक्षकांत न संपणारा आहे. माझं मत विचाराल तर आठ. दहामध्ये चित्र थोडं मोठं मिळतं, पण पट्टा अरुंद होतो आणि थरथर वाढते. बांधाबांधाने चालून दम लागलेला असताना हा सौदा परवडत नाही.

आता सोलापूरचा खरा खलनायक, ऊन. मे महिना सोडाच, जानेवारीतसुद्धा दहा-साडेदहा वाजले की माळ उकळायला लागतो. तापलेल्या मातीला टेकलेली हवा गरम होऊन वर जाते, तिच्या जागी वरची थंड हवा उतरते आणि या घुसळणीतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला वाकत राहतो. साठ पॉवरच्या स्कोपमधून त्या वेळी काळवीट बघितलं तर आधी पाय विरघळतात. धड जमिनीपासून सुटून पाण्यासारख्या चमकणाऱ्या पट्ट्यावर तरंगतं. शिंगं लवलवतात, त्यांचे पीळ मोजता येत नाहीत. मादी आणि शिंगं फुटलेलं लहान पाडस यांतला फरकसुद्धा करता येत नाही. यात स्कोपचा काही दोष नसतो. लाखभराचा स्कोप आणला तरी तो हेच दाखवेल, फक्त जास्त लख्ख दाखवेल, कारण काळविटाबरोबर मधली हवाही साठपट मोठी होते. अशा वेळी झूम वीस-पंचविसावर आणायचा, नाहीतर सरळ बायनॉक्युलर उचलायची. आठ पॉवरमध्येही हवा हलते, पण त्रास होण्याइतकी नाही. निरीक्षण मनोऱ्यावरून बघितलं तर थोडा फरक पडतो, कारण नजर जमिनीलगतच्या तापलेल्या थरातून कमी अंतर जाते. बाकी खरा उपाय म्हणजे सूर्य उगवताना माळावर हजर असणं. सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नज वीसेक किलोमीटर, तेव्हा अंथरुणातून उठायचं तेवढं कबूल केलं की झालं.

तिसरा मुद्दा संध्याकाळच्या उजेडाचा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की मागून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ८×४२ चा सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ चा ४.२. ८० मिमीच्या स्कोपचा वीसला ४ आणि साठला फक्त १.३. भर उन्हात डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरवर आक्रसलेली असते, त्यामुळे दुपारी फरक जाणवत नाही. पण खोकड आणि लांडगे हलायला लागतात ते दिवस बुडताना. बाहुली तोवर पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते आणि साठ पॉवरचा स्कोप तिला सुईच्या नेढ्याएवढा उजेड देत असतो. वय वाढतं तशी बाहुली कमी उघडते, म्हणून साठीच्या पुढच्यांना या हिशेबात थोडी सूट.

मग स्कोप घ्यायचाच कशाला? उजनी धरणाच्या पाण्यासाठी. हिप्परग्याच्या तलावासाठी. पाण्यावर सगळाच हिशेब उलटतो. पक्षी लांब असतात, पण एका जागी चरत असतात. चिखल आणि पाणी असल्यामुळे जवळ जाता येत नाही, आणि हिवाळ्यातल्या सकाळी पाण्यावरची हवा माळापेक्षा बरीच शांत असते. उजनीच्या फुगवट्याच्या काठावर चिमणीएवढे चिखलपक्षी शेकड्यांनी पळापळ करतात. त्यांतला लिटल स्टिंट कोणता आणि टेमिंक्स स्टिंट कोणता हे ठरतं पायांच्या रंगावर : पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर हिरवट. दीडशे मीटरवरून काडीएवढ्या पायाचा रंग बायनॉक्युलरमधून बघून सांगणारा एकतर सिद्धपुरुष किंवा थापाड्या. स्कोप चाळीसला लावला की प्रश्न मिटतो. पट्टकदंबांचंही, म्हणजे बार-हेडेड गूजचंही, तसंच. मंगोलियात मानेत कोड लिहिलेले पट्टे घातलेले पट्टकदंब दक्षिण भारतातल्या तलावांवर आढळलेले आहेत. असा पक्षी समोर आला तर पट्टा आहे एवढं बायनॉक्युलर सांगेल; त्यावरची अक्षरं स्कोपच वाचेल.

माळावरही स्कोपची एक वेळ असते. मॉन्टेग्यू आणि पॅलिड हॅरियरच्या माद्या उडताना भल्याभल्यांना चकवतात. सकाळी त्यातली एखादी ढेकळावर पंख वाळवत बसलेली सापडली तर स्कोपमधून तिचा चेहरा निवांत बघता येतो. पॅलिडच्या गालामागे फिकट कॉलर आणि तिच्या मागे मानेवर गडद पट्टा असतो; मॉन्टेग्यूची कॉलर अशी उठून दिसत नाही. पण तेवढ्यासाठी दोन किलोंचा स्कोप आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा ट्रायपॉड खांद्यावर घेऊन माळ तुडवायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. माळढोक दिसेल या आशेने मात्र स्कोप घेऊ नका. त्याच्यासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य झालं, पण आज इथे तो दिसणं म्हणजे नशिबाचा भाग, आणि नशिबाला पॉवर लागत नाही.

ऑनलाइन शोधताना आणखी एक घोटाळा होतो. 'हंटिंग स्कोप' नावाखाली बंदुकीवर बसवायची दुर्बीणही त्याच यादीत येते, स्वस्त दिसते, ३-९×४० असा ओळखीचा आकडाही असतो. ती घेऊ नका. बंदुकीच्या धक्क्याने डोळा फुटू नये म्हणून तिच्यात डोळा चार बोटं मागे ठेवूनच चित्र दिसतं. मध्ये नेमाची फुली असते, दृश्य अरुंद असतं, आणि एका डोळ्याने ती हातात स्थिर धरणं महाकठीण. ज्या देशांत परवाना काढून शिकार चालते तिथले जबाबदार शिकारीही तिचा उपयोग बघण्यासाठी करत नाहीत, कारण दुर्बिणीतून ज्याच्याकडे बघाल त्याच्याकडे नळीचं तोंडही वळतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे शिकारी डोंगरउतार तासन् तास चाळतात ते १०×४२ बायनॉक्युलरने, लांबच्या हरणाची शिंगं जोखतात ट्रायपॉडवरच्या स्कोपने, आणि बंदुकीवरची दुर्बीण फक्त नेम धरायला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे. काळवीट आणि लांडगा दोन्ही पहिल्या अनुसूचीत. अभयारण्यात बंदुकीची दुर्बीण गळ्यात घालून फिरलात आणि वनरक्षकाने अडवलं तर चूक त्याची नसेल.

बायनॉक्युलर निवडताना खोक्यावरच्या मजकुरापेक्षा साधी चाचणी कामाची. ती हातभर लांब धरून आभाळाकडे रोखा आणि मागच्या भिंगांत दिसणारे उजेडाचे दोन गोल बघा. गोल पूर्ण वाटोळे असावेत. कडा कापल्यासारखे चौकोनी दिसले तर आतल्या प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे. लाल चकाकणारी 'रुबी' भिंगं आणि झूमवाली बायनॉक्युलर ही दोन्ही जत्रेतली खेळणी, मग किंमत काहीही असो. दहा हजारांच्या आसपास बजेट असेल तर सरळ नळ्यांच्या सुटसुटीत रूफ प्रिझमपेक्षा जुन्या धाटणीची, खांदे बाहेर आलेली पोरो प्रिझम सहसा जास्त चांगलं चित्र देते, कारण रूफ प्रिझम नीट बनवणं महागात पडतं. पोरोत धूळ-पाणी शिरण्याची धास्ती जास्त, हे तिचं उणं. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, पंधरा मिमी किंवा जास्त आहे का ते बघा, आणि रबरी कडा खाली करून चष्म्यासकट लावून बघा. कडेला काळी सावली येत असेल तर ती बायनॉक्युलर तुमच्यासाठी नाही.

उजव्या डोळ्याची रिंग एकदाच नीट लावून घ्यायची : डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस, मग तीच वस्तू उजव्याने बघत रिंगवर फोकस. हे न केल्यामुळे 'माझी बायनॉक्युलर डोकं दुखवते' म्हणणारे अनेक भेटतात.

स्कोप घेणार असाल तर सरळ की तिरक्या आयपीसचा (आयपीस म्हणजे डोळा लावायचा भाग), हे आधी ठरवा. गाडीच्या खिडकीतून बघणाऱ्याला सरळ बरा, नेम लगेच लागतो. बाकी सगळ्यांना तिरका. एकदा लावला की उंच-बुटके सगळे आळीपाळीने वाकून बघतात, आणि उजनीच्या काठावर स्कोप उभा केला की गावातली पोरं रांग लावतातच. ट्रायपॉडवर पैसे वाचवायला जाऊ नका. माळावर वारा असतो, आणि फोटोवाल्याने दिलेल्या हलक्या स्टँडवर साठ पॉवर म्हणजे नुसती थरथर. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पाठीवरची सॅक अडकवा, पाय निम्मेच उघडा आणि खाली बसून बघा.