गोल्फचे साहित्य : चेंडू आणि क्लब

गोल्फला लहान टणक चेंडू लागतो आणि तो टोलवायला वेगवेगळ्या डोक्यांच्या काठ्या, म्हणजे क्लब. या दोन्हींतला बदल मुख्यतः पदार्थांचा आहे : चामडे, चीक, रबर, लाकूड, पोलाद, टायटॅनियम. कोल्हापूर हे कुस्ती-फुटबॉलचे गाव. पण चामडे आणि ओतकाम दोन्ही जाणणाऱ्या या शहराला हा इतिहास परका वाटू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये ‘फेदरी’ चेंडू चाले. ओल्या चामड्याच्या पिशवीत उकळलेली पिसे ठासून भरत. वाळताना चामडे आक्रसे, आतली पिसे फुलत आणि चेंडू दगडासारखा होई. ओले चामडे वाळताना कसे ओढून धरते, हे कोल्हापुरी चप्पल बांधणाऱ्याला सांगायला नको. कसबी कारागिराच्या हातूनही दिवसाला ३-४ चेंडूच होत, त्यामुळे किंमत जबर. त्यात लोखंडी क्लबचा चुकार फटका बसला की चामडे फाटे. म्हणून क्लब बहुतेक लाकडीच असत.

१८४८च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकाचा, गटापर्चाचा चेंडू आला. (दंतवैद्य रूट कॅनॉलमध्ये भरतात तोच पदार्थ.) तो स्वस्त होता आणि लोखंडाचा मार सोसत होता, लोखंडी क्लबांना खरा वाव मिळाला तो यामुळे. कोरा गुळगुळीत चेंडू नीट उडत नाही, चरे पडलेला लांब जातो, हे खेळणाऱ्यांच्याच ध्यानात आले आणि नव्या चेंडूंवर मुद्दाम खुणा ठोकल्या जाऊ लागल्या. पुढे १९०५ मध्ये विल्यम टेलर यांनी खळग्यांचे पेटंट घेतले. खळग्यांनी चेंडूलगतची हवा खवळते, पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहते आणि मागची ओढ घटते. दरम्यान १८९८ मध्ये कोबर्न हॅस्केल यांनी रबरी दोरा ताणून गुंडाळलेला, जास्त उसळीचा चेंडू काढला होता.

क्लबचा दांडा पूर्वी हिकरी लाकडाचा असे व फटक्यात पिळवटे. १९२०च्या दशकात पोलादी नळीला मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ साली. ग्रॅफाइटचे दांडे १९७०च्या आसपासचे.

मोठी उलथापालथ क्लबच्या डोक्यात झाली. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने १९५९ मध्ये आणलेल्या पटरमध्ये (चेंडू हलकेच भोकाकडे ढकलण्याच्या क्लबमध्ये) वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेले. फटका मध्यापासून थोडा सरकला तरी डोके फारसे वळत नाही. लांब फटक्याचा ड्रायव्हर तेव्हाही पर्सिमनचा, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतल्या लाकडाचा होता. अशा क्लबांचे ‘वुड’ हे नाव त्यावरूनच. १९७९ मध्ये गॅरी अ‍ॅडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने पोकळ पोलादी डोके बाजारात आणले. ते इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचे काम : मेणाची प्रतिकृती, तिच्यावर सिरॅमिकचे कवच, मेण वितळवून त्या जागी धातू. कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीतल्या ओतशाळांच्या वाळूच्या साच्यांतून इतक्या पातळ भिंती मिळणे कठीण. १९९०च्या दशकात टायटॅनियम आले. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, पोलादाची ७.८, म्हणून त्याच वजनात डोके बरेच मोठे करता आले. फुगत चाललेल्या डोक्याला अखेर ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली.

चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिमी आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असावे लागते. फटके इतके लांबले, की डिसेंबर २०२३ मध्ये नियामक संस्थांनी चेंडूच्या अंतराची चाचणी आणखी कडक करण्याचा निर्णय जाहीर केला.