फ्रेंच व इटालियन चेंबर संगीत (विसाव्या शतकाचा आरंभ)

मोजक्या वादकांनी, संचालकाशिवाय, प्रत्येकाने आपली वेगळी सुरावट सांभाळत वाजवायच्या रचना म्हणजे चेंबर संगीत. एकोणिसाव्या शतकात त्याचे माहेर जर्मनभाषक प्रदेशात होते. पॅरिस आणि मिलान ही ऑपेराची शहरे. ऑपेराकार वेर्दीने एकच स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) आणि चेलो यांसाठीची रचना, लिहिले (१८७३), तेही नेपल्समध्ये ऑपेराचा प्रयोग लांबल्यामुळे सापडलेल्या फावल्या वेळात.

प्रशियाशी झालेल्या युद्धाच्या अखेरीस, १८७१ साली, पॅरिसमध्ये ‘सोसिएते नास्योनाल द म्युझिक’ स्थापन झाली आणि नव्या फ्रेंच रचनांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. क्लोद दब्युसीचे क्वार्टेट १८९३ मध्ये तिथेच प्रथम वाजले. त्यानंतर दहा वर्षांनी मोरिस राव्हेलने आपले क्वार्टेट पूर्ण करून गुरू गाब्रिएल फोरे यांना अर्पण केले. त्याच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला चौघेही गजाऐवजी बोटांनी तारा छेडतात. सहा मात्रांची तीन-तीन आणि दोन-दोन अशी विभागणी एकाच वेळी चालते आणि ऐकणाऱ्याचा ताल धरणारा हात गोंधळतो.

या काळाचे शिखर मात्र दब्युसीचे अखेरचे सोनाटा, म्हणजे दोन-तीन वाद्यांसाठी अनेक भागांत लिहिलेल्या रचना. महायुद्ध पेटलेले, शरीर कर्करोगाने पोखरलेले, अशा स्थितीत १९१५ मध्ये त्याने सहा सोनाटांचा संकल्प केला. मुखपृष्ठावर नावापुढे ‘फ्रेंच संगीतकार’ असे मुद्दाम छापले. तीनच पुरे झाले. त्यांतला फ्लूट, व्हिओला आणि हार्पचा सोनाटा विलक्षण आहे: फ्लूटचा सूर विरता विरता व्हिओला तो उचलतो, एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे पहिल्या ऐकण्यात उमगत नाही. १९१८ मध्ये दब्युसी गेला. फोरे यांनी पियानोविना लिहिलेली एकमेव चेंबर रचना, त्यांचे क्वार्टेट, बहिरेपणात, वयाच्या ७९व्या वर्षी पूर्ण केली.

इटलीत ही वाट उशिरा रुळली. आल्फ्रेदो कासेल्ला १८९६ मध्ये पॅरिसला शिकायला गेला, फोरेंच्या वर्गात बसला आणि १९१५ मध्ये परतून नव्या संगीतासाठी झटू लागला. रेस्पीगी (१९१७) व पित्सेत्ती (१९१९) यांचे व्हायोलिन सोनाटा याच लाटेतले. जान फ्रांचेस्को मालिप्येरोने १९२०च्या ‘रिस्पेत्ती ए स्त्राम्बोत्ती’ या क्वार्टेटला जुन्या इटालियन काव्यप्रकारांचे नाव दिले. त्यात एकच सुरावट फुलवत नेण्याचा जर्मन पद्धतीचा विस्तार नाही. वीसेक छोटी कडवी एकामागून एक येतात, आणि मध्ये मध्ये व्हायोलिनच्या मोकळ्या, बोटांनी न दाबलेल्या तारांचा खणखणीत नाद, वाद्य सुरात लावत असल्यासारखा, पुन्हा ऐकू येतो.