चिकटपट्टीचा कर्र आवाज : पार्श्वभूमी

जूनमध्ये शाळा उघडल्या की लातूर-परभणीकडच्या घराघरांत वह्यापुस्तकांना खाकी कव्हर घालण्याचे काम निघते आणि सेलोटेपचा रोल ओढताना होणारा ‘कर्र’ आवाज कानी पडत राहतो. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या आवाजामागचे भौतिकशास्त्र उलगडायला मात्र कित्येक दशके लागली.

टेप स्वतः फार जुनी नाही. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी मोटारी रंगवणाऱ्यांची अडचण पाहून १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. पारदर्शक टेप १९३० मध्ये आली. चिकटलेली टेप सोलायला किती बल लागते, याचा हिशेब रोनाल्ड रिव्हलिन यांनी १९४४ मध्ये मांडला. त्यानुसार टेप काटकोनात न ओढता पूर्ण मागे दुमडून ओढली, तर निम्मेच बल पुरते, कारण तेवढीच पट्टी सुटेपर्यंत हात दुप्पट अंतर जातो. पट्टी स्वतः ताणली जाते, ही बाब केव्हिन केंडल यांनी १९७५ मध्ये या हिशेबात जोडली.

आवाजाचे मूळ वेगात आहे. चिकटद्रव्य हळू ओढले तर गुळाच्या पाकासारखे तार धरते आणि फार जोरात ओढले तर कडक पदार्थासारखे तडकते. या दोहोंच्या मधल्या टप्प्यात वेग वाढेल तसे लागणारे बल उलट घटते, त्यामुळे पट्टी अडते, ताण साठवते आणि एकदम सुटते. हे अडणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा होते, तेच आपल्याला ऐकू येते.

खरी नवलाची गोष्ट प्रकाशाची. सजीवांच्या प्रकाशाचे अभ्यासक ई. न्यूटन हार्वे यांनी १९३९ मध्ये टेप सोलताना दिसणाऱ्या उजेडावर लिहिले. पृष्ठभाग विलग होताना दोहोंवर विरुद्ध विद्युतभार राहतात आणि मधल्या फटीत ठिणगी पडते. १९५३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ करासेव, क्रोतोवा आणि देर्यागिन यांना निर्वातात अशा सोलण्यातून वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडताना आढळले. पुढे २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील सेठ पटरमन यांच्या गटाने निर्वातात साधा रोल उलगडून निघालेल्या क्ष-किरणांनी चक्क बोटाच्या हाडाची प्रतिमा घेतली. दुकानदाराने घाबरण्याचे कारण नाही. मोकळ्या हवेत इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळत राहतात आणि तेवढा वेग त्यांना मिळतच नाही.

हवेत उरतो तो केवळ दृश्य उजेड. रात्री भारनियमनात वीज गेली की डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि टेप झटक्याने ओढावी. सुटत्या कडेवर फिकट निळसर रेषा उमटते.